सीलचा आवाज सोडू नका

श्रोतेहो, नमस्कार. मेटल डिटेक्टर घेऊन रानात गेलं की गावातला जो तो एकच विचारतो, "हंडा घावला का?" नाही घावला. आजवर मला सगळ्यात मोलाचं सापडलं ते वहिनीच्या कानातलं फूल, तेही आमच्याच रानात.

सोयाबीनची काढणी चालली होती. दुपारी भाकरीला बसल्यावर वहिनीनं कानाला हात लावला, तर डावं फूल नाही. फिरकी सैल झालीय, हे आईनं आधीच बजावलं होतं. त्या दिवशी तिनं ते आणखी चाळीस वेळा बजावलं. पुतण्याचं यंत्र आणलं. वहिनी शेजारून चालायला लागली आणि यंत्र सारखं ओरडायला लागलं. बऱ्याच वेळानं कळलं, ते तिच्या जोडव्यांवर ओरडतंय. तिला बांधावर बसवलं.

मग निघाली बैलाची पत्री, एक बोल्ट आणि चार बोटं खाली एक पाना. हाच तो पाना! सहा वर्षांपूर्वी दादानं ट्रॅक्टरवाल्यावर याचाच आळ घेतला होता. दादानं पाना धोतराला पुसला, खिशात घातला. बोलला काही नाही.

पुढं मात्र नुसती सीलं. फवारणीच्या बाटलीच्या तोंडावरचं चंदेरी सील असतं ना, ते. एक, दोन, अकरा! ज्वारी होती तेव्हा रानात हा कचरा नव्हता, पण आता ज्वारी पेरतो कोण? वैतागून मी यंत्राला तो आवाजच बंद करायला लावला. तासभर शांतता. संध्याकाळी पुतण्या आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "काका, बारीक सोनं बी तसंच वाजतंय!" पुन्हा त्याच तासांतून फिरलो. आणखी सहा सीलं निघाली, आणि मग धसकटाच्या बुडाशी, ढेकळाला चिकटलेलं फूल.

तेव्हा नव्यानं सुरू करणाऱ्यांनो, सीलचा आवाज सोडू नका. यंत्राच्या चकतीतून निघणाऱ्या चुंबकीय लहरींनी धातूत वीज खेळते, तीच यंत्र ओळखतं. पातळ ॲल्युमिनियम आणि बारीक सोनं त्याला सारखंच वाटतं. पुन्हा सांगतो, सील सोडलं की सोनंही सुटतं. आपल्या काळ्या मातीत लोहाचा अंश असतो, म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्र त्या मातीला जुळवून घ्या, नाहीतर यंत्र उगाच गुणगुणत राहतं. चकती जमिनीलगत, हळू फिरवा. खड्डा बुजवा.

आणि तेर, पैठण म्हटलं की सातवाहनांची नाणी आठवून हात शिवशिवतात. संरक्षित जागेत यंत्र नेऊ नका. १८७८ चा कायदा अजून आहे: दहा रुपयांवर किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. रान स्वतःचं असलं तरी. हो, स्वतःचं असलं तरी.

पाना आमच्या खुंटीला आहे. ट्रॅक्टरवाला ऐकत असेल तर दादाचा निरोप आहे, चहाला ये.