मशीन मधेच थांबलं, तर ते कशासाठी अडलंय?

श्रोतेहो, नमस्कार.

आज कपडे धुण्याच्या मशीनबद्दल बोलू या, आणि तेही एकाच तक्रारीबद्दल. मशीन सुरू होतं, थोडा वेळ नीट चालतं आणि मधेच थांबतं. कपडे साबणाच्या पाण्यात तसेच, दार लॉक, आणि समोरचा मिनिटांचा आकडा जागचा हलत नाही. घरोघरची मशीनं दुरुस्त करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. मधेच थांबलेलं मशीन बहुतेक वेळा कशासाठी तरी अडलेलं असतं. ते कशासाठी अडलंय हे घरच्या माणसाला ओळखता आलं, तर निम्म्याहून जास्त वेळा मेकॅनिकला बोलवायची गरजच पडत नाही.

मशीनचं काम ठरलेल्या क्रमानं चालतं. पाणी भरायचं, कपडे घुसळायचे, पाणी सोडायचं, पुन्हा भरून खळबळायचं, पुन्हा सोडायचं आणि शेवटी पिळायचं. एक काम पुरं झाल्याची खूण मिळाल्याशिवाय ते पुढच्या कामाला हात लावत नाही. पाणी किती भरलं हे त्याला कसं कळतं? टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत गेलेली असते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, आणि त्या दाबावरून पाण्याची पातळी समजते. पाणी पुरेसं चढलं नाही तर मशीन थांबून राहतं. पाणी पूर्ण गेलं नाही तरी थांबून राहतं.

म्हणून मशीन थांबलं की लगेच बटणं दाबत सुटू नका. आधी बघा, टबात पाणी आहे का? कपडे कोरडे आहेत, साबणात आहेत, की खळबळून झाले आहेत? मागच्या बाजूनं पाणी येण्याचा आवाज येतोय, की खालून पंपाची घरघर ऐकू येतेय? पडद्यावर काही अक्षरं असतील तर ती लिहून घ्या. एलजीच्या मशीनवर ‘आय ई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओ ई’ म्हणजे पाणी जात नाही, ‘यू ई’ म्हणजे कपड्यांचा तोल बिघडला आणि ‘डी ई’ म्हणजे दार नीट लागलं नाही. सॅमसंगवर ‘4 सी’ किंवा ‘4 ई’ हे पाणी येण्याबद्दल, आणि ‘5 सी’ किंवा ‘5 ई’ हे पाणी जाण्याबद्दल. इतर कंपन्यांची अक्षरं वेगळी आहेत, ती सोबतच्या पुस्तिकेत सापडतील. ती पुस्तिका कृपा करून रद्दीत घालू नका.

आता पाणी येण्याची अडचण बघू, कारण आपल्याकडे ही फार आढळते. नळाला पाणी तर आहे, मग मशीनमध्ये का जात नाही, असं लोक विचारतात. मशीनला पाण्याबरोबर दाबही लागतो. बऱ्याच मशीनना कमीत कमी 0.3 बार दाब हवा असतो. म्हणजे पाण्याची टाकी मशीनच्या नळापेक्षा निदान 3 मीटर उंच असली पाहिजे. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. टाकी तुमच्याच डोक्यावर गच्चीत असते, त्यामुळे खालच्या मजल्यावर धो धो येणारं पाणी तुमच्याकडे करंगळीएवढ्या धारेनं येतं. मशीन ठरावीक वेळ वाट बघतं आणि थांबतं. अशा घरात दर धुण्याला हाच त्रास होणार. त्यावर छोटा प्रेशर पंप बसवणं हाच खरा उपाय आहे. मशीनमधला भाग बदलून तो दाब वाढत नाही.

दाब चांगला असूनही पाणी हळू येत असेल तर जाळी बघा. नळ बंद करा, मशीनचा प्लग काढा आणि मशीनच्या मागे जिथे पाइप आटे देऊन बसवलेला असतो, तिथून तो हातानं सोडवा. आत व्हॉल्व्हच्या तोंडाशी प्लास्टिकची छोटी जाळी दिसेल. मधला उंचवटा पकडीत धरून ती सरळ बाहेर ओढा. ज्या भागात टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे, तिथल्या जाळीवर तांबूस गाळाचा चिकट थर आणि क्षाराचे पांढरे कण हमखास दिसतात. जुन्या टूथब्रशनं घासून, धुऊन जाळी परत बसवा. टाकी धुतली, किंवा गल्लीतली पाइपलाइन खोदून जोडली, की पुढचे काही दिवस गाळ जास्त येतो, तेव्हा तर ही जाळी आवर्जून बघाच. पाइप परत लावताना आतला रबरी वायसर जागेवर आहे याची खात्री करा, नाहीतर थेंब थेंब गळती सुरू होते.

पाणी जाण्याची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, कारण इथे फ्रंट लोड (पुढून दार असलेलं) आणि टॉप लोड (वरून झाकण असलेलं) यांचे नियम अगदी उलटे आहेत आणि त्यातच घोटाळा होतो.

फ्रंट लोडमध्ये पाणी बाहेर फेकायला पंप असतो. त्याच्या आउटलेट पाइपचं तोंड जमिनीपासून वर उचलून अडकवायचं असतं, बऱ्याच पुस्तिकांत सुमारे 60 ते 100 सेंटिमीटर असं दिलेलं असतं. ते मोरीत जमिनीवर सोडलं, तर एका बाजूनं पाणी भरत जातं आणि दुसऱ्या बाजूनं आपोआप वाहून जातं. टब भरतच नाही, आणि नळ पूर्ण चालू असतानाही मशीन पाणी येत नसल्याची तक्रार करतं. या एका पाइपापायी विनाकारण बदललेले इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत सोडणारे व्हॉल्व्ह, मी पाहिले आहेत.

टॉप लोडच्या कित्येक मॉडेलमध्ये पंपच नसतो. खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उताराने आपसूक जातं. तिथे पाइप जमिनीलगत खालीच हवा. मशीन बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये आणि पाइप बाथरूमच्या उंबरठ्यावरून उचलून आत सोडलेला, असं चित्र असेल तर टबात थोडं पाणी राहणारच आणि मशीन पिळायला सुरुवात करणार नाही. पाइप भिंतीला आणि मशीनला चेपून दुमडलेला नाही ना, हेही बघा. झाडू-पोछा करताना मशीन सरकवलं जातं आणि पाइप मागे चेपतो.

फ्रंट लोडला पुढे खाली कोपऱ्यात एक छोटी झडप असते. तिच्यामागे पंपाची गाळणी असते. ही गाळणी आहे हेच अनेकांना माहीत नसतं. गरम पाण्यात धुतलं असेल तर आधी पाणी निवू द्या. प्लग काढा. झडपेमागे बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून एखाद्या पसरट परातीत पाणी काढून घ्या, मग गाळणीची टोपी हळूहळू उलटी फिरवा. फडकी हाताशी ठेवा, पाणी येणारच. आत काय काय मिळतं! नाणी, सेफ्टी पिना, केसांचे चाप, शर्टाची बटणं, लहान मुलांचे पायमोजे, आणि या सगळ्यावर बसलेला दोऱ्यांचा आणि केसांचा काळपट, बुळबुळीत गोळा. तो काढल्यावर टॉर्च मारून आतलं पंपाचं पातं बघा आणि एखाद्या काडीनं फिरवा. ते सलग फिरणार नाही, अडखळत, झटक्या-झटक्यानं फिरेल. आत चुंबक असतो म्हणून तसं होतं, तो बिघाड नव्हे. अजिबातच हललं नाही तर मात्र काहीतरी अडकलं आहे, किंवा पंप गेला आहे.

आता पिळताना थांबणारं मशीन. अनेकांचा अनुभव असा की आकडा 10 मिनिटांपर्यंत येतो, टब फिरायला लागतो, धडधडतो, थांबतो, पुन्हा पाणी घेतो, पुन्हा प्रयत्न करतो. इथे मशीन कपडे सगळीकडे सारखे पसरायचा प्रयत्न करत असतं. ते दोन-तीनदा तसं करेल, तोवर धीर धरा. जमलंच नाही तर थांबेल. गोधडी, सोलापुरी चादर किंवा एकच जीन्स टाकली की सगळं वजन एका बाजूला जातं. जड कपड्याबरोबर दोन टॉवेल टाका. नऊवारी साडी बाकी कपड्यांना गुंडाळून त्यांचा बोचका करते, म्हणून ती जाळीच्या पिशवीत घाला. आणि पावसाळ्यातली एक कळकळीची विनंती: रेनकोट, ताडपत्रीसारखं कापड, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मशीनमध्ये पिळायला टाकू नका. त्यातून पाणी निघत नाही, खोलगटात साठून राहतं आणि टब जोरात फिरत असताना एकदम सुटतं. अशा वेळी मशीन जागचं उडतं आणि मोडतोडही होते.

बाथरूमच्या फरशीला उतार असतो, त्यामुळे तिथे ठेवलेल्या मशीनचे पाय फिरवून ते समपातळीत आणावं लागतं. समोरासमोरचे कोपरे हातानं दाबून बघा, मशीन डुगडुगता कामा नये. नवं फ्रंट लोड पहिल्याच दिवशी आदळायला लागलं, तर वाहतुकीत टब हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट काढायचे राहिलेत का ते आधी विचारा.

दाराचं थोडक्यात सांगतो. फ्रंट लोडचं लॉक मशीन थांबल्यावर लगेच उघडत नाही, एक-दोन मिनिटं घेतं. त्या वेळात दार ओढलं तर हँडल तुटतं. टबात पाणी असेल तरीही ते उघडत नाही, आणि ते योग्यच आहे. आधी खालच्या नळीतून पाणी काढा. काही मॉडेलमध्ये त्याच झडपेमागे दार उघडायची छोटी पट्टी असते.

फेसामुळेही मशीन अडतं, ही गोष्ट लोकांना पटत नाही. हातानं धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घातली की फेस टबभर होतो. पंपात पाण्याऐवजी फेस जातो, तो ढकलला जात नाही आणि सेन्सरलाही पातळीचा अंदाज येत नाही. फ्रंट लोडसाठी असलेलीच पावडर किंवा लिक्विड वापरा, आणि कमी वापरा.

विजेच्या बाबतीत मात्र घरगुती प्रयोग नकोत. पाणी तापवणाऱ्या फ्रंट लोडचा हीटर साधारण 2000 वॉटचा असतो. 230 व्होल्टवर तो जवळपास 9 अँपिअर खेचतो. अशा मशीनचा प्लग 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डात लावला तर पिना तापतात, प्लास्टिक वितळतं आणि मशीन मधेच बंद पडतं. 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि खरं अर्थिंग हवंच. मशीन सुरू होऊन पाणी भरून झाल्यावर, तापवायला लागताच घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज झिरपली की आपोआप बंद होणारा सुरक्षा स्विच, पडत असेल, तर हीटरमधून वीज झिरपते आहे असा संशय घ्या. जड पाण्याच्या गावांत हीटरवर क्षाराचं कवच चढतं आणि तो लवकर जातो. ईएलसीबी पुन्हा पुन्हा वर करून मशीन चालवू नका. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून मशीनला हात लावणारं माणूस घरात असतं, बहुधा आई किंवा कामाला येणाऱ्या मावशी. त्यांच्या जिवाशी खेळ नको.

उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज फार उतरतं अशा गावांत मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. सेमी ऑटोमॅटिकमध्ये असंच झालं आणि व्होल्टेज नीट असेल, तर कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, कमजोर झालेला असू शकतो. भाग स्वस्त आहे, पण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून तो जाणकारानंच बदलावा. मोटर खूप तापली की तिच्यातला संरक्षक तिला बंद करतो. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप सुरू झालं, तर पुढच्या वेळी कपडे कमी टाका.

उंदरांचं सांगायलाच हवं. टॉप लोडचा तळ बऱ्याचदा उघडा असतो. पावसाळ्यात उंदीर आत शिरतात आणि वायरी कुरतडतात, कधी ती पाणी मोजणारी बारीक नळीही. तळाला बसणारी जाळी मिळते, ती जरूर लावून घ्या.

एवढं सगळं पाहूनही मशीन अडलेलंच असेल तर मेकॅनिकला बोलवा. फोनवर मॉडेल नंबर सांगा, कोणत्या कामावर थांबतं, काय अक्षरं दिसतात, काय आवाज येतो ते सांगा. आल्या आल्या कुणी “बोर्ड गेला” (म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं) म्हटलं, तर शांतपणे विचारा: जाळी पाहिली? पाण्याचा दाब पाहिला? सेन्सरची नळी, वायरी, व्होल्टेज पाहिलं? बोर्ड खरोखर जातोही, पण तो महागाचा भाग आहे आणि बाकी सगळं तपासल्याशिवाय त्याच्यावर बोट ठेवणं मला मान्य नाही. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. सुटे भाग आणि दुरुस्ती यांची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 24 डिसेंबर 2022 ला राइट टू रिपेअर हे पोर्टल सुरू केलं. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. बिल आणि वॉरंटी कार्ड हाताशी ठेवून तिथे फोन लावा. नमस्कार.