मायग्रेन म्हणजे आत्याची अर्धशिशी

नमस्कार श्रोतेहो. आजचा शब्द मायग्रेन. तोच तो, जो सांगितला की ऑफिसात लगेच सुट्टी मिळते, नुसतं डोकं दुखतंय म्हटलं तर मिळत नाही.

तर माझी आत्या. नौपाड्यात राहते. तिची अर्धशिशी उठली की घर बंद, खिडकीला चादर, डोक्याला करकचून फडकं, आणि सहाणेवर सुंठ उगाळायचा तो खरखर आवाज, तो ऐकला की आम्ही पोरं टीव्ही आपणच बंद करायचो. (गोखले रोडवरचे हॉर्न मात्र कोण बंद करणार, सिग्नल लाल असताना पण वाजवतात, कुणासाठी वाजवतात देव जाणे.) मागच्या वर्षी तिला बळंच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, आजी, तुम्हाला मायग्रेन आहे. आत्या गप्प. रिक्षात बसल्यावर म्हणते, "अर्धशिशी होतीच, आता हे आणखी निघालं." घरी येऊन सगळ्यांना फोन. ऐरोलीहून चुलतभाऊ शहाळी घेऊन हजर!

महिन्याने परत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेता ना? तर आत्या म्हणते, "डावीकडे दुखलं की घेते, ते तुमचं मायग्रेन. उजवीकडची माझी जुनी अर्धशिशी, तिला सुंठ."

आता शब्दाचं पटकन सांगतो. मूळ ग्रीक, हेमिक्रेनिया. हेमि म्हणजे अर्धं, क्रेनियन म्हणजे कवटी. दुसऱ्या शतकातला गेलन नावाचा वैद्य हा शब्द वापरायचा. तिथून लॅटिन, मग फ्रेंच, तिथे पुढचा "हे" गळला आणि अर्धं सांगणाऱ्या हेमिचं अर्धंच उरलं, नुसतं मि. आणि आपली अर्धशिशी? अर्ध अधिक शीर्ष. परत सांगतो, हेमि म्हणजे अर्ध, क्रेनियन म्हणजे कवटी, आपलं शीर्ष. दोन्हीकडे अर्धं डोकंच. नाव अर्ध्याचं असलं तरी दुखणं कधी दोन्ही बाजूंना पण असतं हां. आणि मला विचाराल तर आपण मराठी शब्द चपलांसारखे दवाखान्याच्या दाराबाहेर काढून ठेवतो, आत नेले तर काय बिघडतं?

हे सगळं आत्याला समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे एकच दुखणं? मग त्या भावाला सांगू नकोस, शहाळी आणायचा बंद होईल."