मधली वायर नव्हे, तिची टोकं तपासा

(नव्याने कॅटमरान, म्हणजे दोन समांतर तरंगती अंगं (हल) असलेली शिडाची बोट, चालवायला शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. शीड कसं भरायचं, वळण कसं घ्यायचं, हे तुम्ही पाण्यावर शिकतच आहात. आज मी फक्त ट्रॅपीझच्या वायरीबद्दल बोलणार आहे, म्हणजे डोलकाठीच्या वरच्या भागातून खाली येणाऱ्या, जिला अडकून आपण बोटीबाहेर लटकतो त्या वायरीबद्दल. बोटीवर जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती हीच, आणि अख्खा माणूस हिच्यावरच लटकतो.

आधी ती हवीच कशाला, ते पाहू. होबी 16 चं उदाहरण घेऊ, कारण जगभर छोटी कॅटमरान म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हीच बोट येते. कॅलिफोर्नियाच्या होबी ऑल्टर यांनी ती लाटांमधून थेट वाळूवर आणता यावी अशी बनवली. लांबी 5 मीटरच्या किंचित वर, रुंदी 2.41 मीटर, वजन साधारण 145 किलो. वारा शिडात भरला की वाऱ्याकडचा हल उचलला जातो आणि बोट पलीकडच्या हलवर कलते. तिला परत खाली दाबायला बोटीचं स्वतःचं वजन असतं, पण ते मधोमध, म्हणजे पलीकडच्या हलपासून मीटर-सव्वा मीटरवर. ढोबळ हिशोबात 175 किलोग्रॅम-मीटर. आता 70 किलोचा माणूस वाऱ्याकडच्या हलवर नुसता बसला तर त्याचा जोर दीडशेच्या आसपास. तोच माणूस वायरीला अडकून, पाय हलच्या कडेला टेकवून बाहेर आडवा झाला, की त्याचं वजन आणखी मीटरभर बाहेर जातं आणि जोर सव्वादोनशेच्या घरात पोचतो. म्हणजे वायरीवरचा एक माणूस अख्ख्या बोटीपेक्षा जास्त काम करतो. होबीवर तर सुकाणू धरणारा आणि जोडीदार, दोघंही बाहेर जातात.

ही युक्ती प्रथम गाजली 1938 मध्ये. इंग्लंडमध्ये पीटर स्कॉट आणि जॉन विंटर यांनी इंटरनॅशनल 14 या बोटीवर ट्रॅपीझ लावून प्रिन्स ऑफ वेल्स कप जिंकला, आणि बोटींच्या त्या वर्गात लगेच तिच्यावर बंदी आली. हेच पीटर स्कॉट पुढे पक्षीतज्ज्ञ म्हणून नावाजले. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेचा पांडा त्यांनीच रेखाटला. युद्धानंतरच्या पिढीतल्या बोटींनी ट्रॅपीझ मोकळेपणाने स्वीकारला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपले के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर ज्या 49er बोटीवर उतरले, तिच्यावरही दोघं वायरीवर उभे असतात.

आता बोटीकडे येऊ. होबीच्या डोलकाठीवर, वरच्या भागात, पुढच्या बाजूला एक पट्टी असते आणि तिच्यात एक मोठा शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारा यू आकाराचा धातूचा जोड. डोलकाठीला पुढून धरणारी वायर (फोरस्टे), दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या वायरी (शराउड) आणि ट्रॅपीझच्या चारही वायरी या एकाच शॅकलमध्ये अडकवलेल्या असतात. त्या शॅकलची पिन हळूहळू फिरून निघाली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून पिन पक्कडीने आवळायची, आणि तेवढ्यावर न थांबता तिच्या भोकातून बारीक तार ओवून ती शॅकलला बांधून टाकायची. डोलकाठी एकदा उभी राहिली की तिथे हात पोचत नाही. हे काम जमिनीवरच पुरं करा, आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

वायरी शॅकलमध्ये घालतानाचा क्रमही सांभाळावा लागतो. फोरस्टे मध्ये, त्याच्या दोन्ही अंगांना शराउड, आणि ट्रॅपीझच्या वायरी बाहेरच्या बाजूला ठेवल्या, की कोणी कोणाला ओलांडत नाही. डोलकाठी आडवी असतानाच प्रत्येक वायर वरून खालपर्यंत बोटांमधून सरकवत न्यायची. एखादी शराउडला वेढा घालून बसली असेल तर ती इथे सापडते. नाहीतर ती सापडते पाण्यावर, तुम्ही हुक अडकवून मागे झुकता तेव्हा, आणि तीही वीतभर आखूड झालेली.

डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघा. कॅटमरानची डोलकाठी विजेच्या तारेला लागून माणसं गेली आहेत. त्यामुळेच होबीच्या डोलकाठीचा वरचा तुकडा पुढे ॲल्युमिनियमऐवजी वीज न वाहणाऱ्या संमिश्र पदार्थाचा करण्यात आला. वायरी मात्र त्या खालच्या ॲल्युमिनियमला जोडलेल्या असतात, आणि तुमच्या हातात येतात त्या वायरीच.

आता माझा मुख्य मुद्दा. सगळे मला विचारतात, सर, वायर किती जाड घेऊ? अडीच मिलिमीटरची, 19 तारांची, चांगल्या स्टेनलेसची वायर साडेचारशे-पाचशे किलोपर्यंत तुटत नाही. तुम्ही 75 किलोचे असाल आणि आडवे लटकलात, तर वायर थोडी तिरकी असल्याने तिच्यावर 80-85 किलोचा ताण येतो. लाटेचा हिसका बसला तर त्याच्या दुप्पट धरा. तरीही पुष्कळ राखीव ताकद उरते. मधोमध तुटलेली वायर म्हणूनच क्वचित बघायला मिळते. तुटते ती टोकाला, जिथे वायर थिंबलभोवती, म्हणजे खाचेच्या धातूच्या वळ्याभोवती, वळवून स्लीव्हमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत, दाबलेली असते.

त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, स्लीव्हच्या आत वायर जखडलेली असते आणि बाहेर ती हलायला मोकळी असते. त्या सीमेवर ती पुन्हा पुन्हा वाकते आणि थकते. गंमत अशी, की ज्या वायरीवर माणूस नाही ती जास्त फडफडते आणि जास्त थकते. दुसरं कारण मिठाचं. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो पोलादाला वाचवतो, पण तो टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. स्लीव्हच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या आवरणाखाली, ओल्या टेपखाली खारं पाणी साठून राहतं आणि ऑक्सिजन पोचत नाही. तिथे वायर आतून खाल्ली जाते आणि वरून चकाकत राहते. म्हणून प्लास्टिकचं आवरण असलेल्या वायरीवर माझा विश्वास नाही. हाताला मऊ लागते हे खरं, पण आत काय चाललंय ते दिसत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. सुती फडकं वायरीभोवती धरून वरून खाली ओढत न्या. एखादी तार तुटून उभी राहिली असेल तर सूत तिथे अडकतं. उघड्या हाताने हे करू नका, ती तार बोटात खोल रुतते. मग स्लीव्हच्या तोंडाशी वायर हलकेच वाकवून भिंगाखाली बघा. तपकिरी डाग नुसता पुसून निघाला तर तो वरवरचा. आतून पुन्हा पुन्हा गंज झिरपत असेल, किंवा एकही तार तुटलेली दिसली, तर ती वायर बाद. तिच्यावर टेप गुंडाळून हंगाम काढणं मला अजिबात मान्य नाही.

टेपचा विषय निघालाच आहे. पिना ज्यांनी अडकवतो त्या स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशी पण नखाएवढी रिंग, उघडी ठेवली तर जिबच्या (पुढच्या छोट्या शिडाच्या) कापडात, दोरीत, केसांत अडकते आणि उकलून निघून जाते. म्हणून तिच्यावर टेप हवीच. पण फक्त रिंगवर, आणि ती दर हंगामाला बदलायची. स्लीव्हवर टेप कधीच नको.

आता खालचं टोक. वायरीखाली हाताला धरायची मूठ, मग उंची बदलायची दोरी आणि ती पकडून ठेवणारा क्लीट, आणि सगळ्यात खाली तुमच्या हार्नेसच्या (अंगावर बांधायच्या पट्ट्याच्या) हुकात अडकणारी कडी. त्या दोरीच्या सुट्या टोकाला आठाची गाठ मारलेली असलीच पाहिजे, नाहीतर क्लीट सुटल्यावर दोरी सगळीच निघून येते. उंची वाळूवरच ठरवा: बोट घट्ट धरून ठेवा, हलवर बसा, हुक अडकवा, अंग मागे सोडा. बूड डेकपासून मूठभर उचललं गेलं की सुरुवातीला ठीक. खाली जाल तितका जोर वाढतो, पण लाट पाठीवर आदळते आणि परत आत येताना दमछाक होते. शिकताना उंचच लटका.

कडीला एक रबरी दोरी बांधलेली असते, शॉक कॉर्ड. ती ट्रॅम्पोलिनच्या, म्हणजे दोन हलमध्ये ताणलेल्या कापडाच्या, खालून पलीकडच्या बाजूच्या कडीपर्यंत जाते. तिला लोक बिनमहत्त्वाची समजतात. पण तुम्ही क्षणभर वर उचलले गेलात आणि वायर सैल पडली, तर कडी हुकातून निसटू न देणारी तीच. रिकाम्या वायरीला फडफडू न देणारीही तीच, म्हणजे मघाशी सांगितलेला टोकाचा थकवा तिच्यामुळे कमी होतो. ती फार ताठ असेल तर तुम्ही हुक काढताच कडी हातातून हिसकते. ढिली असेल तर काहीच करत नाही. उन्हाने तिचा आतला रबर मरतो. ओढून सोडल्यावर झटकन परत आली नाही तर बदला. बोटीवरचा सगळ्यात स्वस्त भाग आहे तो.

जी वायर तुम्हाला धरते तिने वेळेला सोडलंही पाहिजे, आणि या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही. बोट उलटली आणि पूर्ण पालथी झाली, तर ट्रॅम्पोलिन तुमच्या डोक्यावर येतं. त्या वेळी हुक कुठल्या दोरीत अडकलेला असेल तर श्वासापुरता वेळ असतो. असे मृत्यू झाले आहेत. म्हणून झटकन सुटणारा हुक असलेलाच हार्नेस घ्या. त्यासाठी आयएसओ 10862 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि शर्यतींच्या जागतिक नियमांनीही तो 2023 पासून सक्तीचा केला. पण विकत घेतला म्हणजे झालं नाही. कमरेएवढ्या पाण्यात, डोळे मिटून, डाव्या हाताने आणि उजव्या हाताने तो सोडून बघा. वाळूचा एक कण अडकला तरी यंत्रणा घट्ट बसते, त्यामुळे दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.

पुढे नाक खुपसून बोट कोलांटली तर वायरीवरचा माणूस लंबकासारखा फोरस्टेभोवती पुढे फेकला जातो. म्हणून जोराच्या वाऱ्यात मागे सरका, पाय मागच्या पट्ट्यात अडकवा.

या वायरींचा आणखी एक उपयोग ध्यानात ठेवा. भर पाण्यात वाऱ्याकडचा शराउड तुटला आणि डोलकाठी अजून उभी असेल, तर ताबडतोब बोट वळवून ताण दुसऱ्या बाजूवर घ्या. मग तुटलेल्या बाजूच्या दोन्ही ट्रॅपीझ वायरी खाली शराउडच्या पट्टीला दोरीने आवळून बांधा आणि शिडं सैल सोडून हळू किनारा गाठा. डोलकाठी उभी करताना ती बाजूला झुकू नये म्हणूनही याच वायरी दोन्हीकडून ताणून धरता येतात.

समोरून एक प्रश्न आलाय, वायरीऐवजी डायनीमा, म्हणजे अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची, दोरी चालेल का? चालते, हलकी असते, गंजत नाही. पण गाठ मारून नाही, गाठीने तिची ताकद निम्म्यावर येऊ शकते. टोक दोरीच्याच आतून ओवून डोळा, म्हणजे पक्का फास, करायचा आणि ओवलेला भाग दोरीच्या जाडीच्या 72 पट ठेवायचा. 4 मिलिमीटरच्या दोरीला 29 सेंटिमीटर. शराउडवर घासते का ते बघत राहा. शर्यतीत उतरणार असाल तर आधी त्या वर्गाचे नियम वाचा.

पावसाळ्यात आपल्या बोटी मुंबईला चार महिने किनाऱ्यावर झाकून पडतात. ताडपत्रीखाली दमट हवा, वर मिठाचा थर, वायरीला याहून वाईट जागा नाही. मे अखेरीला वायरी उतरवा, गोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, कोरड्या करा, मोठ्या वेढ्यात गुंडाळा आणि घरात टांगा. प्रत्येकीला चिठ्ठी लावा: डावी की उजवी, पुढची की मागची, कोणत्या वर्षी घेतली. वर्ष आठवत नसेल, तर नवी घ्या.