गडावरचा अँटेना, आणि त्याआधी घड्याळ

फलकावर ‘गडावरचा अँटेना’ लिहिलंय, त्यावर मी येणारच आहे. पण आधी घड्याळ. आपला कार्यक्रम सातचा, सुरू झाला सात सतराला, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. एफटी८, म्हणजे हौशी रेडिओवर संगणकांनी एकमेकांना छोटे संदेश धाडायची पद्धत, एवढं सोशिक नाही. त्याला चूक सेकंदभराच्या आतच लागते.

सिंहगडावर रविवारी सकाळी काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. कल्याण दरवाजाच्या अंगाला वायर ताणलेली, पाच वॉटचा रेडिओ, शेजारी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक. ७.०७४ मेगाहर्ट्झवर शिट्ट्या ऐकू येतायत, वॉटरफॉल, म्हणजे सिग्नल दाखवणारा पडद्यावरचा आलेख, पट्ट्यांनी भरलाय, पण उलगडलेल्या संदेशाची एक ओळ उमटेल तर शपथ. लगेच कुणीतरी सांगतं, पॉवर वाढवा. अहो, इथे तुम्हाला ऐकलेलं उलगडत नाहीये, बोलायची पॉवर वाढवून काय होणार? भजी थंड होतात, रेडिओला शिव्या पडतात आणि पुढच्या महिन्यात महागडा रेडिओ घरी येतो. दोष असतो घड्याळाचा.

एफटी८ची पाळी १५ सेकंदांची. त्यातले १२.६४ सेकंद पाठवायचे, उरलेल्यात उलगडायचं. ही पाळी दोन्हीकडे एकाच क्षणी सुरू व्हायला हवी. आता रास्पबेरी पाय ४ च्या पोटात बॅटरीवरचं घड्याळच नाही. घरी तो इंटरनेटवरून वेळ घेतो. गडावर नेट नसलं की काल रात्री बंद केला तेव्हाची वेळ धरून तिथूनच पुढे मोजू लागतो. तारीख चुकली तर एफटी८चं काही अडत नाही, सेकंद मात्र जुळायलाच हवेत. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. ती घ्यायचीच राहून जाते.

जाता जाता सांगतो. खगोलशास्त्रज्ञ ज्यो टेलर यांना १९९३चं नोबेल जोड-पल्सारच्या शोधासाठी मिळालं. पल्सार म्हणजे ठरलेल्या लयीत रेडिओ स्पंदनं देणारा तारा, आकाशातलं घड्याळच. आपल्या नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या पल्सार ऐकतात. त्याच टेलरनी स्टीव्ह फ्रँकबरोबर २०१७मध्ये एफटी८ आणलं. सेकंदाचा हट्ट कुठून आला असेल, ओळखा!

उपाय साधा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत डीएस३२३१चं, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळाचं, मॉड्यूल मागा. चार तारा: पायच्या पिन १ वर ३.३ व्होल्ट, ३ वर डेटा, ५ वर क्लॉक, ६ वर ग्राउंड. पाच व्होल्ट देऊ नका. बऱ्याच स्वस्त मॉड्यूलमध्ये चार्जिंगचं सर्किट असतं, आणि आपण बसवतो सीआर२०३२, म्हणजे चार्ज न होणारा सेल. पाच व्होल्टवर तो फुगतो. हा चिप दहा लाखांत दोन एवढाच चुकतो, दिवसाला ०.१७ सेकंद. शुक्रवारी रात्री घरी वेळ लावा, रविवारी गडावर चालेल. तरी शंका आली तर डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरमधला ‘डीटी’ रकाना बघा, आलेला संदेश तुमच्या घड्याळाच्या किती सेकंद मागे-पुढे आहे ते तो दाखवतो. एकाच्याच ओळीत १.५ दिसलं तर घड्याळ त्याचं चुकलंय. सगळ्यांच्या ओळीत अधिक १.५ दिसलं तर तुमचं दीड सेकंद पुढे आहे.

दुसरा चोर म्हणजे पॉवर बँकेची ती बारीक केबल. २८ गेजच्या तारेला मीटरमागे ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४३. पाय, साउंड कार्ड आणि छोटा पडदा मिळून दीड अँपिअर ओढू लागले की ०.६४ व्होल्ट मीटरभर केबलच खाते. ५.१ चे ४.४६ उरतात. ४.६३च्या खाली पाय कोपऱ्यात पिवळी वीज दाखवतो आणि मंदावतो. पडदा नसेल तर कळतही नाही, आणि एक दिवस मेमरी कार्ड बिघडून तो सुरूच होत नाही. २० गेजची, म्हणजे जाड तारेची, केबल घ्या, तीही अर्ध्या मीटरची.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. घ्या अँटेना.

दोन बाहूंच्या डायपोल अँटेनाची एकूण लांबी मीटरमध्ये: १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी साधारण वीस मीटर, म्हणजे प्रत्येक बाहू दहा. प्लॅस्टिकच्या आवरणाची वायर दोन-तीन टक्के आखूडच जुळते, पण सुरुवातीला १०.३ ठेवा आणि टोकं दुमडत या, कापू नका. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळलाय त्याचं माप, दीडच्या खाली आला की थांबा. मध्य सात मीटरच्या फायबरग्लासच्या काठीवर, टोकं नायलॉन दोरीने खाली. कार्बनची काठी नको, ती वीज वाहते. टोकाला व्होल्टेज जास्त, म्हणून वाटेपासून दूर बांधा. तटात खिळा-खुंटी नाही, दगडाला दोरी गुंडाळा. एवढ्या कमी उंचीवरून लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन तीन-चारशे किलोमीटरच्या आत उतरतात. दिवसा कोल्हापूर, नाशिक मिळतं, मधले डोंगर आड येत नाहीत.

दोन मीटर बँडवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, मात्र डोंगर आड येतात. सपाटी असती तर पुण्याहून साडेसातशे मीटर वर असल्याने रेडिओचं क्षितिज ११३ किलोमीटरवर गेलं असतं. हातातल्या स्वस्त वॉकी-टॉकी सेटला ४९ सेंटिमीटर वायरची शेपटी अँटेनाच्या ग्राउंडला जोडा, आणि गडावरच्या प्रसारण मनोऱ्यापाशी उभे राहू नका. तिथल्या जोरदार प्रसारणाने सेट बहिरा होतो. गडाच्या दुसऱ्या अंगाला गेलात की पुन्हा ऐकू लागतो.

हौशी रेडिओचा परवाना नसेल तर पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, हात लावायचा नाही. आणि वळवाचे ढग राजगडाकडून चढताना दिसले की काठी आधी उतरवायची, सामान मग आवरायचं. एन्ड-फेड, म्हणजे एका टोकाला जोडायचा अँटेना, राहिलाच: ४९ला एकचा ट्रान्सफॉर्मर, दोन वेढे आणि चौदा वेढे, एफटी१४०-४३ या फेराइटच्या कड्यावर, म्हणजे कोरवर. ज्यांना गुंडाळून बघायचाय त्यांनी मागच्या टेबलापाशी या, कोर तिथे ठेवलाय.