दोनशे तासांचं लायसन्स

(दृश्य: उलवे. इमारतींच्या गच्च्यांवरून खाली उतरणारं विमान.)

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. उलव्याचा डोंगर कापून, नदी वळवून तयार केलेली ३,७०० मीटरची धावपट्टी. आता उलवे-कामोठ्यात बारावी सायन्सच्या मुलामुलींना पुढे काय विचारलं, की कुणीतरी म्हणतंच, "पायलट."

पण शिकणार कुठे? या धावपट्टीवर नाही. मोठ्या विमानांच्या गर्दीत शिकाऊ सेसनाला जागा कुठली! त्यासाठी धुळे, बारामती, गोंदिया गाठायचं. जुहूत १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थीसुद्धा उडायला धुळ्यालाच जातात.

(दृश्य: लॉगबुकची पानं. पेनाने भरलेले रकाने.)

कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, किमान अट २०० तास उड्डाणाची. त्यातले १०० तास विमान तुमच्या ताब्यात, तुमच्या जबाबदारीवर. ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन विमानतळांवर उतरण्याचा एक लांबचा प्रवास. रात्रीचे ५ तास. शिवाय नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर, प्रत्येकात ७० टक्के. खर्च पन्नास-साठ लाखांच्या घरात जातो. कुणी कर्ज काढतं, कुणी विमानतळात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला साडेबावीस टक्क्यांतला प्लॉट विकायचा विचार करतं.

एवढं करून हातात येतं ते लायसन्स. नोकरी नव्हे. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चालवायची तर त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायची परवानगी, वेगळं, त्याचे लाखो रुपये वेगळे.

(दृश्य: सिम्युलेटरचं कॉकपिट.)

अमेरिकेत मात्र एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला साधारण १,५०० तास लागतात. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं, ५० जण गेले. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून कोपायलटलाही ही अट लागू झाली. लष्करातून किंवा ठरावीक विद्यापीठांतून आलेल्यांना थोडी सवलत आहे. पण त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे १,५०० हून जास्त तास होते! विमान स्टॉल व्हायला लागलं, म्हणजे पंखांना हवेचा आधार मिळेनासा झाला, तेव्हा नाक खाली करायचं सोडून कॅप्टनने कंट्रोल मागे ओढला.

म्हणून नुसत्या आकड्यावर आमचा फारसा विश्वास नाही. छोट्या विमानातून त्याच धावपट्टीभोवती मारलेल्या हजार घिरट्या आणि सिम्युलेटरमध्ये बंद पडलेल्या इंजिनाशी घातलेली झटापट, लॉगबुकात दोन्ही तासच. आपल्याकडे २०० तासांवर कोपायलट होता येतं, म्हणून आपले वैमानिक कच्चे, असं म्हणणंही सोपं आहे, पण खरं नाही. फरक पडतो तो पुढच्या ट्रेनिंगने.

आपल्याकडे १,५०० चा आकडा येतो तो कॅप्टनसाठी, एटीपीएल या वरच्या लायसन्सच्या वेळी. वर्षाला १,००० तासांहून जास्त उडता येत नाही. नियमित ड्युटी मिळाली तर कोपायलटचे तेवढे तास दोन-तीन वर्षांत भरतात. डावीकडची, म्हणजे कॅप्टनची, खुर्ची मात्र कंपनी किती वाढते आणि तुमच्यापुढे किती जण रांगेत आहेत, यावर ठरते.

(दृश्य: टर्मिनलमधला फलक. एकामागून एक रद्द फ्लाइट्स.)

मग नोकऱ्या आहेत की नाहीत? २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत आले, आठवड्याची सुट्टी ३६ वरून ४८ तासांवर गेली, आणि डिसेंबरमध्ये इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या. वैमानिक कमी पडले, अशी ओरड झाली. तरीही लायसन्स खिशात घेऊन घरी बसलेली मुलं आहेतच.

टंचाई असते ती कॅप्टनची. नवा कोपायलट घ्यायचा, तर त्याच्यासाठी सिम्युलेटरचे स्लॉट हवेत, शेजारी बसून शिकवणारा ट्रेनर कॅप्टन हवा, आणि तोच दुर्मीळ. त्यात २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. दर वेळी हजारो तासांचे अनुभवी लोक त्याच रांगेत येऊन उभे राहिले. लायसन्स कुठल्या वर्षी हातात पडलं, हे कधी कधी गुणांपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं. हे कुठल्या अ‍ॅकॅडमीच्या जाहिरातीत सापडणार नाही.

(दृश्य: डोळे तपासणारे डॉक्टर. नंतर धुळ्याची धावपट्टी.)

म्हणून पैसे भरायच्या आधी मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन. चष्म्याचं फार काही नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर पन्नास लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मग घरी राहूनच पेपर काढायचे. फ्लाइंग त्यानंतर.

आणि फ्लाइंग स्कूल निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवायचं. २०२५ मध्ये डीजीसीएने या शाळांची पहिली क्रमवारी लावली, तेव्हा ए-प्लस आणि ए या वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही. तिथे जाऊन विचारा: आज उडण्याच्या स्थितीत किती विमानं आहेत? मुलं किती, इन्स्ट्रक्टर किती? मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याला किती तास मिळाले? आणि हाच शेवटचा प्रश्न ऑफिसबाहेर, हँगरपाशी ताटकळत बसलेल्या मुलांनाही विचारा.