नार्कोंडम : ज्याच्या नावावर उद्रेकच नाही

श्रोतेहो, नमस्कार.

भारतातला जागृत ज्वालामुखी कोणता, असं विचारलं तर शाळेतली पोरंही सांगतील, अंदमानातलं बॅरन बेट. त्याच समुद्रात, बॅरनच्या ईशान्येला साधारण १३५ किलोमीटरवर, त्याचा एक सख्खा शेजारी आहे. त्याचं नाव परीक्षेत कुणी विचारत नाही. ते बेट म्हणजे नार्कोंडम.

बेट कसलं, समुद्रातून सरळ वर आलेला डोंगरच. आडवा-उभा तीन-चार किलोमीटर, उंची ७१० मीटर आणि खालपासून वरपर्यंत गच्च रान. बॅरनवर काळी राख आणि काळे दगड लांबूनच दिसतात. इथे दगड पाहायचा तर आधी झाडी बाजूला सारावी लागते. या डोंगराने कधी आग ओकल्याची एकही पक्की नोंद नाही.

हे ऐकून हायसं वाटतं. पण नोंद करायला तिथे होतं कोण? बॅरनची पहिली नोंद १७८७ ची, तीही समुद्रावरून जाणाऱ्या जहाजातून दिसलं म्हणून. नार्कोंडमवर तर गाव असं नाहीच. १९६० च्या दशकाअखेरीस तिथे पोलीस चौकी झाली. मनुष्यवस्ती म्हणायची ती तेवढीच. आपली वही कोरी आहे, एवढंच खरं. डोंगराचा हिशेब निराळा.

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत येऊन थरावर थर पसरला, म्हणून आपले डोंगर सपाट माथ्याचे. नार्कोंडमची जात वेगळी. तिथे भारताचा भूपट्ट पूर्वेकडे शेजारच्या पट्टाखाली घुसतो. खाली गेलेल्या खडकातलं पाणी सुटतं, त्या पाण्यामुळे वरचा तप्त खडक लवकर वितळतो आणि शिलारस वर चढतो. हा लाव्हा चिकट, लांब वाहत जाणारा नव्हे. तो तोंडाशीच साचत जातो आणि उंच, तीव्र उताराचा शंकू उभा राहतो.

मग तो किती काळ गप्प आहे, हे कसं कळणार? खडकाचं वय काढता येतं, ते काम भूवैज्ञानिकांचं. मला मात्र तिथला धनेश पक्षी जास्त बोलका वाटतो. नार्कोंडमचा धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही. नराची मान तांबूस, मादीची काळी, शेपूट दोघांची पांढरी. मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो. अशा ढोल्यांना जुनी, जाड बुंध्याची झाडं लागतात. अलीकडच्या पाहणीत हे पक्षी हजाराच्या आसपास भरले, तेही एवढ्याशा बेटावर! इतकं भरलेलं रान काही शतकांत अख्खं होरपळलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

पण म्हणून त्याला मृत ठरवायचं धाडस मी करणार नाही. बॅरनच जवळपास दीड शतक शांत होता, १९९१ मध्ये पेटला. याच साखळीत पुढे सुमात्रावर सिनाबुंग आहे. तो शेकडो वर्षं थंड. उतारावर लोकांची शेती, भाज्यांचे मळे. २०१० च्या ऑगस्टमध्ये तो अचानक उसळला आणि पुढे कित्येक वर्षं गावंच्या गावं उठवावी लागली. नार्कोंडमवर उठवायला गावं नाहीत. आहेत ते चौकीतले पोलीस आणि ते हजारभर धनेश. पोलिसांना बोटीने काढता येईल.

डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर, मे २००५ मध्ये बॅरन पुन्हा धुमसू लागला. पाठोपाठ जूनमध्ये नार्कोंडमवरूनही चिखल आणि धूर निघाल्याची बातमी आली. उद्रेक म्हणून ती काही धरली गेली नाही, त्यामुळे नार्कोंडमचा रकाना आजही रिकामाच आहे.

नमस्कार.