चुना, विटा आणि रविवारची माणसं
(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या विटांच्या पुलांची दुरुस्ती: ठाण्याने काय घ्यावं’. ठाण्याकडे येतोच, पण आधी इंग्लंडला जाऊन येऊ. बोरीबंदरहून आपल्याकडे गाडी आली ती 1853 साली. त्याच्या आदल्याच वर्षी तिकडे ग्रेट वेस्टर्न रेल्वेने केनेट अँड एव्हन हा मालाच्या होड्यांचा अख्खा कालवा ताब्यात घेतला. प्रतिस्पर्धीच मालक झाल्यावर माल कालव्याने कोण पाठवणार? पुढच्या शंभर वर्षांत असे कितीतरी कालवे गाळाने भरले, पूल झाडोऱ्यात गेले.

माझा आवडता किस्सा स्ट्रॅटफर्डच्या कालव्याचा. हो, शेक्सपिअरचं गाव, तेच. 1958 मध्ये तिथल्या कौंटी कौन्सिलला एक जुना पूल पुन्हा बांधायचा खर्च नको होता. त्यांचं म्हणणं, कालवा तीन वर्षांत कुणी वापरलेलाच नाही, कायमचा बंद करा. कालवाप्रेमींनी शोधाशोध केली आणि दोघांनी त्या मुदतीत तिथे छोटी होडी वल्हवली होती, त्याची रीतसर पावती हजर केली! (टाळ्या) वाजवा, वाजवायलाच हव्यात. पावत्या जपणारं माणूस तुमच्याही घरात असेल. आज घरी गेल्यावर त्याला जरा मानाने वागवा.

कालवा वाचला. मग डेव्हिड हचिंग्ज यांनी काम हाती घेतलं. राबले कोण? स्वयंसेवक, लष्करातले जवान आणि तुरुंगातले कैदी. (आपला ठाण्याचा किल्ला आठवला ना, आता तुरुंग असलेला?) 1964 मध्ये कालवा पुन्हा खुला झाला. त्यावरचे काही पूल मुद्दाम बघावेत असे आहेत. दोन्ही काठांना विटांचं बांधकाम, त्यावर ओतीव लोखंडाचे दोन अर्धे भाग, आणि मध्ये अरुंद फट. होडी ओढणारा घोडा पुलाच्या बाजूने पुढे जायचा, दोर त्या फटीतून सरकायचा. घोडा सोडायची गरजच नाही. ज्याने हे योजलं, त्याने घोडेवाल्याची अडचण उभं राहून पाहिली असणार.

इंग्लंडला मुलीकडे गेलो असताना अशाच दुरुस्तीच्या एका कामावर मी गेलो होतो. एक निवृत्त नर्सबाई गुडघ्यांखाली गोणपाट घेऊन कमानीच्या दरजांमधलं, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यातलं, जुनं सिमेंट छिन्नीने काढत होत्या. हात हलका, कारण विटेची कड उडाली तर वीट गेली. दरज मोकळी झाली की पाणी शिंपडायचं, चुन्याचा गारा आतपर्यंत दाबून भरायचा आणि वरून ओलं गोणपाट टांगायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. तो भराभर वाळला तर भुगा होतो.

आणि आपल्याकडे? आपल्याच भागातल्या एका जुन्या विहिरीच्या विटांच्या कमानीला ‘सुशोभीकरणा’त सिमेंटच्या दरजा भरल्या. पांढऱ्या रेषा आखल्यासारख्या, फोटोत छान. पावसाचं पाणी विटांत मुरतं, ते चुन्याच्या दरजेतून बाहेर पडायचं. आता वाट बंद, म्हणून ते विटेतूनच बाहेर येतं. क्षार फुलतात, विटेचे पापुद्रे सुटतात. आज तिथे दरजा उभ्या आहेत आणि विटा आत झिजल्यात. माझा जीव तुटतो हे बघून. आपल्या गवंड्यांना चुना-सुरकी माहीत होती हो! बैलाच्या घाण्यात मळलेला चुना, त्यात विटांची भुकटी, आणि पावसापाण्यात टिकणारं बांधकाम.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. मुख्य मुद्दा भराभर सांगतो. तिकडे 1970 मध्ये सुरू झालेला वॉटरवे रिकव्हरी ग्रुप हा स्वयंसेवकांचा गट कालवे दुरुस्त करायला आठवड्याआठवड्याची शिबिरं भरवतो. श्रमदान आपल्यालाही नवं नाही. पण स्वयंसेवकांनी उठून वारशाच्या वास्तूला हात लावायचा नाही. आधी परवानगी, जाणकार अभियंत्याची पाहणी, आणि शिकवायला चुन्यात काम केलेला गवंडी.

म्हणून पहिलं काम नोंदीचं. पूल, मोऱ्या, विहिरी, घाट. कुठे कमान आहे, कुठे पिंपळ रुजलाय, कुठे सिमेंट भरलंय, सगळ्याची मापं आणि फोटो. पिंपळ ओढून काढू नका, मुळांबरोबर विटा येतात. दुसरं, एक नवी छोटी भिंत बांधून तिच्यावर हात बसवायचा. कळीचा चुना पाणी घालून विझवताना उकळतो, डोळ्यांत उडतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे सक्तीचे.

वही दाराजवळ ठेवलीय. नाव लिहा, आणि चुन्याचं काम येणारा जुना गवंडी ओळखीत असेल तर त्यांचा नंबर आधी लिहा.